राबणं वेगळं, ताकद कमावणं वेगळं: पन्नाशीनंतर वजनं उचलायला लागले त्याचा अनुभव

आमच्या देवगडात पन्नाशीच्या कुठल्याही बाईला व्यायाम कर म्हणून सांगा, उत्तर ठरलेलं, "आमका कित्याक होयो व्यायाम, दिसभर राबतंव तां काय कमी?" आणि ती खोटं बोलत नाही. लावणीला तासन् तास कमरेत वाकून असते, आंब्याच्या सीझनला क्रेट उचलते, विहिरीचं पाणी आणते, घाटी चढून उतरून बाजार करते, वर घरातलं सगळं आहेच. पण तीच बाई साठीला आली की जमिनीवरून उठताना आधी हात टेकते, मग भिंतीला धरते, मग कशीबशी उभी राहते. एवढं आयुष्यभर राबणाऱ्या बाईचे गुडघे, कंबर आणि खांदेच सगळ्यात आधी का जातात हा प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडायचा, आणि त्याचं उत्तर मला माझ्या स्वतःच्या गुडघ्यावर काम करताना मिळालं, म्हणून सविस्तर लिहितेय. जरा लांबेल, पण ज्यांच्या घरात गुडघे धरून बसलेली आई किंवा सासू आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

माझं वय आता ५८. घरची कलमं आहेत, थोडं भात आहे, सीझनला पॅकिंग मीच बघते. चार एक वर्षांपूर्वी उजवा गुडघा दुखायला लागला, आधी घाटी उतरताना, मग चढताना, मग रात्री कूस बदलतानासुद्धा. एक्स-रे काढला तर झीज, ग्रेड दोन. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता गुडघे जपा, जिना टाळा, खाली बसू नका, वजन अजिबात उचलू नका, वजन कमी करा. आता आमचं घर उतारावर, खळ्यातून रस्त्यावर यायचं तरी चिऱ्याच्या पायऱ्या, न्हाणीघर मागे, विहीर खाली. तरी जमेल तेवढं जपलं. आणि त्या काही महिन्यांत दुखणं थोडं कमी झालं हे खरं, पण पाय आणखी कमजोर झाला. मांडी हाताला मऊ लागायला लागली, उजवा पाय पायरीवर टाकताना भरवसा वाटेना. म्हणजे ज्या गोष्टीने दुखतं ती बंद केली, आणि जी गोष्ट गुडघ्याला सांभाळत होती तीपण बंद झाली.

मग नात्यातल्या एकीने सांगितलं म्हणून मी कणकवलीला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. वयाने माझ्या मुलीएवढी, मला काकी म्हणते, पण कामात एकदम कडक. तिने गुडघ्याला हात लावायच्या आधी एक साधी खुर्ची ठेवली आणि म्हणाली काकी, हात छातीवर बांधा आणि अर्ध्या मिनिटात जेवढ्या वेळा पूर्ण उठून बसता येईल तेवढं करा. मी नऊवर थांबले. तिने सांगितलं की ६० ते ६४ वयाच्या बायकांना १२ च्या खाली आलं तरी ते सरासरीच्या खाली, पडण्याचा धोका वाढलेला असं धरतात, आणि मी तर अजून साठीचीपण नव्हते. मला खूप वाईट वाटलं त्या दिवशी, एक्स-रे बघून वाटलं नव्हतं एवढं. कारण एक्स-रे म्हणजे काहीतरी आत झालेलं, आणि हे तर माझ्या डोळ्यासमोर, साध्या खुर्चीवर.

तिने मग जे समजावलं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. गुडघ्यातल्या कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिला जे पोषण मिळतं ते सांध्यातल्या वंगणासारख्या पातळ द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर फिरतो तो सांध्यावर दाब पडला आणि सुटला की, म्हणजे भांडी घासायचा स्पंज पाण्यात दाबून सोडावा तसं. सांधा हलवायचाच बंद केला, त्यावर भार टाकायचाच बंद केला, तर हे फिरणं मंदावतं. दुसरं असं की पायरी उतरताना जो धक्का बसतो तो पहिल्यांदा मांडीच्या पुढच्या स्नायूने झेलायचा असतो, तो कमजोर असेल तर सांध्यावर जास्त येतो. आणि तिसरं, फोटोतली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही, फोटो वाईट असून मजेत चालणारी माणसं असतात आणि फोटो बरा असून दुखण्याने हैराण असलेलीपण असतात. ती म्हणाली कुर्चा नवीन करून देणं माझ्या हातात नाही, पण तिच्या भोवतीचे स्नायू, शिरबंध (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि हाडं मजबूत करणं तुमच्या हातात आहे आणि त्याला वयाची अडचण नाही.

सुरुवात घरीच झाली. खुर्चीवर एक उशी ठेवून उंची वाढवायची आणि हात न लावता उठायचं बसायचं, बसताना धप्पकन पडायचं नाही, तीन आकडे मोजत खाली यायचं. पाठीवर झोपून गुडघे मोडून कंबर वर उचलायची. भिंतीला पाठ लावून अर्धवट बसल्यासारखं थांबायचं. पडवीच्या पायरीवर एक पाय ठेवून चढायचं आणि सावकाश उतरायचं, टाचा उचलायच्या. दिसायला काहीच नाही, पण नीट केलं की मांड्या थरथरतात. आणि दुखण्याचा एक नियम तिने दिला तो मला सगळ्यात उपयोगी पडला, की दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आधी होतं तिथे परत आलं पाहिजे. आलं नाही तर पुढच्या वेळी कमी करायचं, बंद करायचं नाही. हा फरक फार मोठा आहे हो. आपल्याकडे दुखलं की बंद, बाम लावायचा आणि पडून राहायचं. कमी करणं हा पर्याय असतो हेच कोणी सांगत नाही.

दोनेक महिन्यांत उशी गेली, मग खुर्चीपेक्षा बुटक्या स्टुलावरून उठायला लागले. घाटी चढताना दम लागायचा तो तसाच, पण गुडघा कुरकुरत नव्हता. मला वाटलं स्नायू वाढले, तर ती म्हणाली इतक्यात नाही, सुरुवातीची ताकद येते ती मेंदू आणि स्नायू यांचं जमायला लागतं त्यामुळे, आधी जे तंतू झोपलेले होते ते कामाला लागतात, प्रत्यक्ष स्नायू भरायला आणखी वेळ लागतो आणि शिरबंध तर त्याहून सावकाश घट्ट होतात. म्हणून वजन वाढवायची घाई करायची नाही, स्नायू तयार असतो पण शिरबंध मागे असतो आणि दुखापत तिथेच होते.

तिनेच मग सांगितलं की काकी, आता घरच्या घरी तुम्हाला हे हलकं पडणार, जिमला जा. जामसंड्याला एक छोटी जिम आहे, वर पत्रा, दोन पंखे, एप्रिल-मे मध्ये आत उभं राहिलं तरी घाम गळतो. सगळी पोरं. मी सकाळी अकराला जायचं ठरवलं, पोरं पहाटे नाहीतर संध्याकाळी असतात. सलवार कुर्ता, सपाट तळव्याचे साधे बूट. ट्रेनर आमच्याच बाजूच्या गावचा, लहानपणी मी त्याला पाहिलेला, त्याला फिजिओच्या मुलीने फोनवर नीट सांगितलं होतं की काय करायचं आणि काय नाही. घरी मात्र गोंधळ. सासूबाई म्हणाल्या "गो बाय, ह्या वयात ह्यां काय सुचला तुका, होते ते गुडघेपण मोडून घेशीत." शेजारच्या वहिनींनी विचारलं वजन कमी करायला जातेस का. ह्यांनी काही म्हटलं नाही, गाडीवरून सोडायला यायला लागले, मला तेवढं पुरे होतं.

व्यायाम मोजकेच होते आणि अजूनही तेच आहेत. हातात डंबेल छातीशी धरून मागे ठेवलेल्या बाकाला टेकेपर्यंत बसायचं आणि उठायचं, हे स्क्वॉट. मग डेडलिफ्ट, म्हणजे कमरेतून मागे सरत, पाठ सरळ ठेवून खालचं वजन उचलायचं. लेग प्रेस, म्हणजे मशीनवर बसून पायांनी वजन ढकलायचं. बसून केबल पोटाकडे ओढायची ती रोइंग. डंबेल डोक्यावर ढकलायचं. आणि शेवटी दोन्ही हातात वजन घेऊन चालायचं. सुरुवात पाच किलोच्या डंबेलने केली, डेडलिफ्टला नुसता हलका बार. आज डेडलिफ्टला पन्नास किलो उचलते. प्रत्येक व्यायामाचे दोन-तीन सेट, एका सेटमध्ये आठ ते बारा वेळा, आणि थांबायचं कधी तर अजून दोनदा नीट जमलं असतं असं वाटतं तेव्हा. दोन सेटच्या मध्ये दोन मिनिटं बसायचं. श्वास रोखून धरायचा नाही, उचलताना सोडायचा, आमच्या वयाला बीपी असतं म्हणून हे मुद्दाम लिहितेय. आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन-तीन दिवस मोकळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी शिफारस केलीय त्यात मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा असंच आहे, चालणं वेगळं, ते त्याशिवाय.

एका वहीत सगळं लिहून ठेवते, तारीख, वजन, किती वेळा, गुडघा कसा होता. ह्या वहीनेच मला सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. वहीत मागे बघितलं की दिसतं की ओझं हळूहळू वाढत गेलंय, आणि प्रत्येक वाढीच्या आधी विश्रांती आहे. आता हे लावणीशी जोडून बघा. तरवा, म्हणजे भाताची रोपं, हलका, हातात ओझं असं काहीच नाही, पण कंबर एकाच कोनात तासन् तास, पाय चिखलात, गुडघा धड सरळ नाही धड पूर्ण मोडलेला नाही. पहिल्या दिवशी जेवढं तेवढंच शेवटच्या दिवशी, आणि उद्या परत तेच, दुखत असलं तरी, कारण पाऊस थांबत नाही. स्नायूला वाढायला जे लागतं ते म्हणजे त्याच्या कुवतीच्या जवळ जाणारं ओझं थोडाच वेळ, आणि मग भरून यायला मोकळा वेळ. लावणीत ओझं नाही आणि वेळ अतोनात, म्हणजे दमणूक सगळी होते पण स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही. आंब्याचा क्रेट घ्या, भरलेला वीस किलोच्या आसपास, तिथे ओझं आहे, पण ते घाईत, कमरेत वळून, दिवसभर, दोन-अडीच महिने, आणि मग उरलेलं वर्ष काहीच नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढणाऱ्या माणसांचे खांदे बघा, पाठीचे स्नायू दणदणीत, पण ओढणं आहे आणि ढकलणं कधीच नाही, सगळी ताकद एका बाजूची. शेतात आणि समुद्रावर किती उचलायचं ते काम ठरवतं, माझं शरीर किती तयार आहे ते तिथे कोणी विचारत नाही. जिममध्ये पहिल्यांदा असं झालं की माझ्या कुवतीप्रमाणे ओझं ठरलं. म्हणून मी परत परत सांगते, राबणाऱ्या माणसाला व्यायामाची गरज जास्त आहे, कमी नाही. त्याला हे शरीर रोज वापरायचंय.

आणि ह्याचा उलटा फायदा असा की कामच सोपं झालं. क्रेट उचलताना मी आता डेडलिफ्टसारखी कमरेतून मागे सरते, क्रेट अंगाजवळ घेते, वळायचं असेल तर पाय वळवते. मागच्या दोन सीझनला संध्याकाळी कंबर धरून बसले नाही. पॅकिंगला खाली बसावं लागतं, पेंढ्यात आंबे लावायचे, तिथून उठताना हात टेकावा लागत नाही. आमच्याकडचे कामगारपण बघून तसं उचलायला लागले, मी त्यांना उभं करून दाखवते, सीझनमध्ये एकाची कंबर धरली तरी सगळ्यांचं काम अडतं.

हाडांचं वेगळं सांगायला हवं. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात, हे आपण गृहीत धरून बसतो. मी कोल्हापूरला डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घेतला, कण्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे १.८ आला. उणे १ ते उणे २.५ च्या मधला म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. मला वाटलं आता तरी वजन उचलू नका म्हणतील, पण फिजिओच्या मुलीने ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास समजावून सांगितला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, लिफ्टमोर नावाचा. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ असलेल्या १०१ बायका, त्यातल्या निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, देखरेखीखाली चक्क जड डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर प्रेस आणि उडी मारून खाली येणं असं करायला लावलं. दुसऱ्या गटाला घरी हलका व्यायाम. जड उचलणाऱ्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, दुसऱ्या गटाची १.२ टक्के कमी झाली. आणि एवढं जड उचलून दुखापत म्हणजे एकीची कंबर किरकोळ धरली तेवढंच. पण त्यांनीही पहिला महिना हलक्याने, नीट शिकवून घालवला होता, हे विसरायचं नाही. माझा दुसरा स्कॅन झाला त्यात आकडा जिथे होता तिथेच राहिला, खाली गेला नाही. मला त्याचाच आनंद आहे, ह्या वयात घसरण थांबणं ही मोठी गोष्ट आहे.

उडीवरून आठवलं, आपल्याकडे गौरी-गणपतीत फुगड्या असतात, त्या काय आहेत? उभी फुगडी, बसफुगडी, झिम्मा, सगळं उड्या आणि बसून उठणं. बसफुगडी तर पूर्ण उकिडवं बसून पाय पुढे मागे मारत उड्या. आमच्या आज्या हे भाद्रपदात रात्र रात्र करायच्या. आता पंचेचाळिशीच्या बायका कडेला बसून टाळ्या वाजवतात, गुडघ्यांचं कारण सांगून. उभी फुगडी मी गेल्या गणपतीला घातली, बसफुगडी अजून नाही, ते ह्या वर्षीचं ठरवलेलं काम आहे आणि त्यासाठी उकिडवं खोल बसायची सवय हळूहळू वाढवतेय.

वर्षभर हे चालू ठेवणं हाच कोकणातला खरा कठीण भाग. आंब्याच्या सीझनला आठवड्यातून एकदाच जमतं, मग त्या एका दिवशी सगळे मुख्य व्यायाम थोडे थोडे करते. गणपतीला चाकरमानी आले की घरात पंधरावीस माणसं, तेव्हा काहीच नाही. पहिल्या वर्षी मला भीती होती की सगळं परत शून्यावर जाईल, पण तसं होत नाही, दोन-तीन आठवड्यांच्या खाड्याने ताकद फारशी जात नाही, परत आल्यावर वजन थोडं उतरवून सुरू केलं की लवकर जागेवर येतं. पावसाळ्यात जामसंड्याला जाणं होत नाही, पाऊस, लावणी, लाईट जाते. मग घरीच पाण्याचे कॅन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पाच लिटरचा कॅन, दहाचा कॅन, वीसचा कॅन, पाहिजे तेवढं पाणी भरून पाहिजे तेवढं वजन करता येतं, आणि आमच्याकडे आंब्याचा वजनकाटा आहेच, त्यावर तोलून घेते. दोन हातात दोन कॅन घेऊन खळ्यातून पडवीपर्यंत फेऱ्या मारायच्या, पाठ ताठ. ह्याने मूठ घट्ट होते आणि मुठीची ताकद ही फार बोलकी गोष्ट आहे. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये १७ देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार माणसांचा अभ्यास आला होता, भारतातली माणसंपण त्यात होती, मुठीची ताकद कमी असणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, आणि ह्या बाबतीत वरच्या बीपीच्या आकड्यापेक्षा मुठीवरून जास्त नीट अंदाज येत होता. मूठ वळून आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ नाही, पण सगळ्या शरीराची ताकद किती उरलीय ते मुठीत दिसतं.

खाण्यात मला बराच बदल करावा लागला. आम्हाला वाटतं आम्ही मासे खातो म्हणजे प्रोटीन भरपूर. पण सोमवार नाही, गुरुवार नाही, संकष्टी नाही, श्रावण पूर्ण नाही, जून-जुलैत मासेमारी बंद. आणि खातो तेव्हा कालवणात दोन तुकडे आणि ताटभर भात. वय झालेल्यांनी रोज वजनाच्या दर किलोमागे एक ते १.२ ग्रॅम प्रोटीन घ्यावं असं सांगतात, माझं वजन ६२, म्हणजे साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. मी मोजायला लागले तेव्हा पेज, लोणचं, भात, आमटी, पिठी अशा दिवशी निम्मंपण होत नव्हतं. कुळीथ चांगलाच, शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन, पण पिठीला आपण पीठ किती घालतो, माणशी दोन चमचे, त्यात चार-पाच ग्रॅम मिळालं तर मिळालं. म्हणून आता पिठीबरोबर वेगळी कुळथाची नाहीतर काळ्या वाटाण्याची उसळ वाटीभर असते, सकाळच्या पेजेबरोबर दोन अंडी, माशाच्या दिवशी बांगडा किंवा तारली भरपूर आणि भात थोडा कमी, पावसाळ्यात सुकट आणि सुके बांगडे, श्रावणात दही, पनीर, उसळी. बांगड्यात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन असतं आणि आपल्याकडे तो स्वस्तातला. पावडर वगैरे काही घेतली नाही, लागलीच नाही.

आता सासूबाईंबद्दल. त्या ८२ वर्षांच्या. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच असते कारण पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि आमच्या वाडीत खुब्याचं हाड मोडून अंथरूण धरलेली माणसं मी पाहिलीत, त्यातून फार थोडी परत नीट चालतात. मला वर्षभर बघितल्यावर एक दिवस त्यांनीच विचारलं, "गो, माझ्यान होयत काय ह्यां?" मी त्यांना १९९० सालचा बोस्टनचा प्रयोग सांगितला, ८६ ते ९६ वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायाची वजनं उचलायला लावली आणि पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांना टक्के कळले नाहीत, शहाण्णव वर्षं कळली. डॉक्टरांना विचारून, बीपी बघून, त्यांचं खुर्चीवरून उठणं बसणं सुरू केलं, आधी हात टेकून, मग एक हात, मग बिनहाताने. ८० ते ८४ वयाच्या बायकांना अर्ध्या मिनिटात ९ पेक्षा कमी म्हणजे पडायचा धोका, त्यांचं सुरुवातीला हाताशिवाय एकदाही होत नव्हतं, आता दहा होतं. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं तेपण करतात. न्हाणीघरात आता एकट्या जातात आणि परत येतात. मला दुसरं काही नको.

सध्या पावसाळ्यात आमच्या पडवीत वाडीतल्या सहासात बायका मंगळवार-शनिवार जमतात. ज्यांनी मला विचारलं होतं वजन कमी करायला जातेस का, त्या वहिनीच आता सगळ्यांना फोन करतात. प्रत्येकीचा कॅन वेगळा, त्यावर मार्करने नाव आणि लिटर. दोघींचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत, त्यांना आधी फिजिओकडे पाठवलं. कारण हे लिहिताना एक गोष्ट मला ठासून सांगायचीय, माझं वाचून कोणी उद्या पन्नास किलो उचलायला जाऊ नका. गुडघा सुजून गरम लागत असेल, मध्येच अडकत असेल, पाय टाकल्यावर एकदम सुटल्यासारखा होत असेल, बरोबर ताप असेल, रात्री आराम करतानाही दुखणं थांबत नसेल, कंबर दुखून पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर आधी दाखवून या. बीपी ताब्यात नसेल, हृदयाचा त्रास असेल, हाड मोडून गेलेलं असेल, टी-स्कोअर खूप खाली असेल तर एकट्याने काहीच सुरू करू नका. बाकीच्यांनी आज संध्याकाळी एक घट्ट खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर बांधा, घड्याळात अर्धा मिनिट लावा आणि किती वेळा उठता येतं ते लिहून ठेवा, तारखेसकट.